उणे गुण लावल्यानं तुक्का संपत नाही

प्रमाणित चाचण्यांच्या, म्हणजे सगळ्यांना सारख्याच पद्धतीनं घेतलेल्या आणि तपासलेल्या परीक्षांच्या, तोट्यांवर मी लिहिलं, त्यावर आपण लिहिलंत: ‘निगेटिव्ह मार्किंग (चुकीच्या उत्तराला उणे गुण) लावलं की तुक्क्याचा प्रश्नच मिटतो. गणित येत नसेल तर असल्या विषयांवर लिहू नये.’

दुसऱ्या वाक्याबद्दल आधी बोलते. हिशेब चुकला असेल तर चूक दाखवावी, लायकी कशाला काढता? बहुपर्यायी प्रश्न काढणं आणि निकालानंतर ते तपासणं यात माझी बारा वर्षं गेली आहेत. हे सांगायची वेळ आपण आणलीत.

एक चूक मान्य. लेखात एके ठिकाणी ‘पर्सेंटाइल’ऐवजी ‘टक्के’ पडलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. मूळ मुद्द्याला त्यानं काही होत नाही.

आता गणितच करू. १०० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, बरोबर उत्तराला १, चुकीला उणे १/३. विद्यार्थ्याला ६० येतात, उरलेले ४० तो अंदाजपंचे भरतो. सरासरीनं १० बरोबर, ३० चूक. म्हणजे १० मिळाले, १० गेले, हाती शून्य. इथवर आपलं खरं आहे, पण आपण सरासरीपाशीच थांबलात. मूल परीक्षेला एकदाच बसतं. उणे गुण नसताना त्या ४० प्रश्नांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात याचं माप, २.७ असतं, उणे गुण लावले की ते ३.७ होतं, कारण बरोबर आणि चूक यांतलं अंतर १ वरून १.३३ वर जातं. सारखीच तयारी असलेल्या दोघांपैकी एकाचे १४ तुक्के लागले आणि दुसऱ्याचे ६, तर पहिल्याला ६५.३ आणि दुसऱ्याला ५४.७. उणे गुण नसते तर फरक ८ चा असता, आता तो जवळजवळ ११ चा झाला. आपल्या उपायानं नशिबाचा वाटा वाढला, साहेब!

शिवाय मूल सहसा पूर्ण आंधळेपणानं भरत नाही. चारांतला एक पर्याय चूक आहे एवढं त्याला कळतं. उरलेल्या तिनांतून निवडलं तर दर प्रश्नाला सरासरी १/९ गुण पदरात पडतो. धीट मूल गोल काळा करतं, भिडस्त मूल कोरा सोडतं. असे १८ प्रश्न आले की भिडस्ताचे २ गुण गेले, आणि ते गेले केवळ स्वभावापायी. उणे गुण नसतील तर ‘एकही प्रश्न कोरा सोडू नका’ ही सूचना निदान सगळ्यांना सारखी देता येते. एसएटीत, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत, पाच पर्याय आणि उणे १/४ असा हाच हिशेब होता. २०१६ पासून तिथून उणे गुण गेले.

‘विश्वासार्हता ०.९१ असताना खोट काढता?’ असंही आपण विचारलंत. विश्वासार्हता म्हणजे चाचणीचे गुण कितपत भरवशाचे आहेत याचं ० ते १ मधलं माप. गुणांचं प्रमाण विचलन १०० असेल तर ०.९१ ला मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच्या गुणांत साधारण होणारी चूक, ३० येते, आणि दोघांच्या गुणांतल्या फरकाची ४२. एवढं बघा आणि मग ४० गुणांच्या फरकावर प्रवेश नाकारण्याचं समर्थन करा.

बाकीच्या मुद्द्यांची उत्तरं लेखातच आहेत. तो शेवटपर्यंत वाचला असतात तर विचारावे लागले नसते. वरच्या हिशेबात कुठला आकडा चुकला असेल तर तेवढा आकडा लिहा.