चष्मे विकणाऱ्याचं उत्तर

दरवर्षी डोळे तपासा, काचबिंदू (डोळ्यातलं प्रेशर वाढून नस वाळत जायचा आजार) दुखत नाही, असा लेख मी लिहिला होता, त्यावर रविवारी रात्री साडेअकराला तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी दुकानाचा हिशोब करत बसलो होतो, लगेच उत्तर टाकलं असतं तर भाषा घसरली असती म्हणून दोन दिवस दम खाल्ला. आधी तुमचं म्हणणं इथं पुन्हा देतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. "चष्मे विकणाऱ्यानं चष्मे विकावेत, डॉक्टरकी शिकवू नये. दरवर्षी डोळे तपासा म्हणून लोकांना घाबरवायचं आणि धंदा करायचा!!! काचबिंदू दुखत नाही म्हणता, माझ्या मामांचं डोकं फुटायची वेळ आलेली. आणि माझी आई 72 वर्षांची, रोज डोळ्यात मध घालते, तिचा चष्मा सुटलाय, पेपर बिनचष्म्याचा वाचते." पुढं हसणारे तीन चेहरे.

'दरवर्षी' हा शब्द जरा जास्तच झाला, ते मान्य. ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षाला दाखवायलाच पाहिजे, घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टर सांगतील तसं, पण धडधाकट चाळिशीतल्या माणसाला दोन-तीन वर्षांनी दाखवलं तरी चालतं. झालं समाधान? पण एवढं सांगायला तीन उद्गारचिन्हं आणि हसणारे चेहरे कशाला लागतात ते मला कळलं नाही. तुम्ही माझ्या दुकानात आला असता तर मी आधी बसा म्हटलं असतं, चहा सांगितला असता.

आता ते "चष्मे विकणारा". हो, विकतो. सांगलीत 23 वर्षं विकतोय. पण राव, धंदाच करायचा असता तर मी काय लिहिलं असतं? या, मशीनवर फुकट नंबर काढून देतो, फ्रेमवर सूट देतो. मी त्याच्या बरोब्बर उलटं लिहिलंय, की नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात, आतला पडदा आणि नस बघतात, प्रेशर मोजतात, ते माझ्या दुकानात होत नाही आणि होणारही नाही. तुम्ही डॉक्टरकडं गेलात तर मला त्यात चहासुद्धा सुटत नाही.

आणि हे मी कुठल्या पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही. माझे वडील मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, दिवसभर हळदीची धूळ, डोळ्यांना सारखी खाज. कुणीतरी एकदा कसलेसे थेंब लिहून दिले, आराम पडला, मग तीच रिकामी बाटली मेडिकलमधे दाखवून अण्णा वर्षानुवर्षं तेच थेंब आणत राहिले. ते स्टिरॉइडचे होते. स्टिरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले की काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर चढतं, हे अण्णांना कुणी सांगितलं नाही आणि मला तेव्हा माहीतच नव्हतं. मी काय करत होतो? त्यांचा नंबर काढत होतो. माझ्या हातानं, नंबर तपासायच्या माझ्याच फ्रेममधे, तक्त्यावरची शेवटची ओळ ते धडाधडा वाचायचे, 6/6, म्हणजे नजर एकदम चांगली. मी खूश, अण्णा खूश. मग बाजूला ठेवलेला चहाचा कप कोपरानं सांडायला लागले, एकदा आयर्विन पुलावर बाजूनं आलेली सायकल दिसली नाही म्हणून पडले, आम्ही म्हणालो वय झालं. शेवटी मिरजेला डॉक्टरांकडं नेलं तर काचबिंदू निघाला, प्रेशर 34, साधारण 10 ते 21 असायला पाहिजे तिथं. बाजूचं कुठवर दिसतं ते बघायच्या फिल्ड टेस्टच्या कागदावर कडा सगळ्या काळ्या, मधे तेवढं उजेडाचं भोक, त्याच भोकातनं ते माझा तक्ता वाचत होते. नस वाळली की वाळली, औषधानं आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येत नाही. या सगळ्यात अण्णांचा डोळा एक दिवस दुखला नाही. तेव्हा डॉक्टरकी शिकवू नये वगैरे मला सांगू नका, मी डॉक्टरकी शिकवत नाही, माझी चूक सांगतोय.

मामांचं म्हणाल तर तो काचबिंदूचा दुसरा प्रकार. त्यात डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जायची वाट एकदम बंद होते, मग डोळा लाल, डोकं ठणकतं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, लोक पित्त म्हणून घरी बसतात आणि तिथंच डोळा जातो. त्यात रात्रीच्या रात्री दवाखाना गाठायचा असतो. माझ्या लेखात हा प्रकार राहिला, पण अण्णांसारखा काचबिंदू दुखत नाही हे माझं वाक्य त्यानं खोटं ठरत नाही.

मधाबद्दल वाद घालत नाही, बरणीतला मध निर्जंतुक नसतो एवढंच म्हणतो. पण सत्तरीत चष्मा सुटला याचा आनंद जरा थांबवा. मोतीबिंदू होताना डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, मायनस नंबर यायला लागतो, म्हणजे लांबचं धूसर होतं, आणि जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. महिन्याला एक-दोन आजी-आजोबा हे सांगत माझ्याकडं येतात. आईंना स्टँडवर उभं करून लांबच्या एसटीची पाटी वाचायला सांगा, विटा लिहिलंय की ईश्वरपूर.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, म्हणून सूर खाली आणतो. मामा म्हणजे आईंचे सख्खे भाऊ ना? मामांचा तो प्रकार भावंडांत असायची शक्यता जास्त असते, आणि मोतीबिंदूत भिंग जाड होत गेलं की ती पाण्याची वाट आणखी अरुंद होते. माझ्याकडं नका येऊ, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या, याच आठवड्यात, आणि बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी भावाचं सांगा. मधाचं आपण नंतर भांडू.