फक्त सही मारून द्या ना, मॅडम

मी वकील. परवा नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका भाऊंचा फोन आला. ते एका बड्या कंपनीला सुटे भाग पुरवतात. तिकडून साठेक प्रश्नांची एक्सेल आली होती: वीज किती, पाणी किती, सांडपाणी कुठं सोडता, कंत्राटी कामगार किती.

"पोरानं भरून टाकली. तुम्ही फक्त सही मारून द्या ना, मॅडम."

म्हटलं, आधी येऊन बघते.

"एवढ्या उन्हात? कायले त्रास करून राहिले!"

गेले. बोअरवेलचं मीटर बंद, काटा कधीचाच अडकलेला. एक्सेलमध्ये मात्र महिन्यावार आकडे, तेही दशांशासकट. पोरानं मागच्या वर्षीच्या आकड्यातून १० टक्के वजा केले होते. "बचत दिसली पाहिजे ना."

मग प्रदूषण मंडळाचं कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायचं संमतीपत्र, काढायला लावलं. दिवसाला किती पाणी वापरायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. पोराचा 'बचतीचा' आकडाही त्याच्या वरच! म्हणजे गुन्हा केला की नाही देव जाणे, कबुली मात्र स्वहस्ते टाइप केलेली.

सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा हिशेब देणारा अहवाल सक्तीचा केला. हिंगण्या-बुटीबोरीचे हे कारखाने त्यात कुठेच नाहीत. पण बडी कंपनी पुरवठादारांनाही विचारते, आणि कागद घरंगळत इथवर येतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ओळ असते: माहिती खोटी निघाल्यास नुकसानभरपाई पुरवठादाराची. भाऊंनी ते पान उघडलंच नव्हतं.

आम्हा वकिलांचंही चुकतं, हे कबूल करते. एसीत बसून 'पर्यावरणाप्रति कटिबद्ध' छापाची वाक्यं घासूनपुसून द्यायची आणि बिल पाठवायचं. या कामाला भारी नाव आहे, फीही बरी आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, मीटर न बघता अहवाल तपासणारा वकील म्हणजे नाडी न बघता गोळ्या देणारा डॉक्टर. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नियमावली आली, तेव्हापासून पुराव्याशिवाय जाहिरातीत 'इको-फ्रेंडली' म्हणणंही अंगाशी येऊ शकतं. भाऊंच्या माहितीपत्रकावर ते हिरव्या शाईत छापलंय. तो विषय पुढच्या खेपेला.

पाण्याच्या रकान्यात आम्ही शेवटी लिहिलं: 'मीटर बंद होते, दुरुस्ती सुरू आहे.' कन्सेंटमधली मर्यादा वाढवून घ्यायचा अर्जही तयार केला. भाऊ नाराज झाले. "ऑर्डर गेली तर?" खरं सांगते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणि सही? ती माझी नव्हतीच. मालकाची लागते.