शर्टाचा खिसा आणि पेसमेकर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पेसमेकर असेल तर फोन शर्टाच्या खिशात ठेवू नका, या माझ्या सांगण्यावर तुम्ही लिहिलंय, "बाबांना पेसमेकर बसवून सहा वर्षं झाली, फोन कायम शर्टाच्या खिशात असतो, काही झालेलं नाही. उगाच घाबरवू नका."

फोनच्या रेडिओलहरींपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १९९७ साली अमेरिकेत ९८० रुग्णांवर चाचण्या झाल्या, तेव्हाही फोन नेहमीसारखा कानाशी धरल्यावर धोक्याचं काही आढळलं नव्हतं. नंतरच्या यंत्रांत तर हृदयाकडच्या तारा आत शिरतात तिथेच या लहरी अडवणारा फिल्टर असतो.

माझा मुद्दा लोहचुंबकाचा आहे. तपासणीत डॉक्टर मुद्दाम छातीवर चुंबक ठेवतात, कारण तो ओळखायची सोय यंत्रातच केलेली असते. १० गॉसच्या (गॉस हे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) वरचं क्षेत्र त्याला पुरू शकतं. आयफोन १२ पासून पाठीमागे चुंबकांचं कडं आलं. २०२१ मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी तो फोन रुग्णाच्या छातीवर धरला आणि आयसीडीचं (हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडली की शॉक देणारं, पेसमेकरसारखंच बसवलेलं यंत्र) शॉक देण्याचं काम थांबलं. पाकिटासारख्या कव्हरच्या झडपेत आणि इअरबडच्या डबीतही चुंबक असतो. आपला खिसा डावीकडे, यंत्रही बहुधा डाव्या कॉलरबोनखाली. मध्ये जेमतेम काही सेंटिमीटर!

बाबांना काही जाणवलं नाही, यावरून काही झालंच नाही असं ठरत नाही. चुंबक जवळ आला की साधा पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरलेल्या गतीने चालतो. कंपनीप्रमाणे मिनिटाला ८५, ९० किंवा १००. थोडी धडधड होईल, अनेकांना तीही कळत नाही. आयसीडीत मात्र ठोके पूर्वीसारखेच चालू राहतात, फक्त शॉक बंद. नेमकी गरज पडेल तेव्हाच तो मिळणार नाही. मला काळजी याची वाटते, कारण घरोघरी दोन्ही यंत्रांना 'पेसमेकर'च म्हणतात.

उपाय सोपा आहे. फोन पँटच्या खिशात ठेवायचा, उजव्या कानाला लावायचा, यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३०. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, म्हणून एवढं पुरतं. फोन बाजूला केला की यंत्र पूर्ववत होतं. चक्कर आली तर आधी फोन लांब करून बसवा. बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना.

बाबांच्या पाकिटात यंत्राचं कार्ड असेल. त्यावर पेसमेकर लिहिलंय की आयसीडी, तेवढं बघून कळवाल का?