चॅम्पियनला वेळेवर घरी कसं बसवावं

टेनिस बघणाऱ्या प्रत्येक सुजाण माणसावर एक जबाबदारी आपोआप येऊन पडते. आपला लाडका चॅम्पियन थकायला लागला की त्याने केव्हा थांबावं, हे आपल्याला ठरवावं लागतं. त्याला स्वतःला ते जमत नाही. तो बिचारा सकाळी जिममध्ये, दुपारी सरावाला, संध्याकाळी फिजिओच्या टेबलावर. असल्या विचाराला सोफा आणि निवांतपणा लागतो, आणि तो आपल्याकडे मुबलक आहे.

शिवाय या खेळात दुसरं कोणी हे काम करत नाही. क्रिकेटमध्ये निवड समिती असते. सरकारी नोकरीत वयाची 58 वर्षं भरली की महिनाअखेरीला शाल-श्रीफळ हातात पडतं आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसरा बसलेला असतो. टेनिसमध्ये 1973 पासून क्रमवारीचा संगणक आहे, पण तो मागच्या 52 आठवड्यांचे गुण मोजतो आणि गप्प बसतो. 'आता पुरे' म्हणायची सोय त्यात कुणी केलेली नाही. सबब, ते तुम्हीच म्हणायचं.

सुरुवात वयापासून करा. नेमकं कितव्या वर्षी थांबावं याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण सोपा हिशोब असा, की खेळाडूचं आज जे वय असेल त्याच्या एक वर्ष आधी. मात्र कोणी फारच लवकर गेलं तर तेही खपवून घेऊ नका. ब्यॉर्न बोर्ग 26व्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा आपण हळहळलो, आणि 1991 मध्ये मॉन्टे कार्लोला तोवर कालबाह्य झालेली लाकडी रॅकेट घेऊन परत आला तेव्हा हसलो. दोन्ही वेळा आपलंच बरोबर होतं. आपल्याकडे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या नावावर एक वचन सांगतात, की लोक 'का जातोस' विचारतात तेव्हा जावं, 'का जात नाहीस' विचारेपर्यंत थांबू नये. ॲश बार्टीने ते तंतोतंत पाळलं. जानेवारी 2022 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि मार्चमध्ये, 25व्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असताना थांबली. मग आपण काय म्हणालो? 'एवढ्यात? डोकं फिरलंय का हिचं?'

वय ठरलं की लक्षणं बघायची. सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे आपल्याला ज्याचं नाव धड उच्चारता येत नाही अशा खेळाडूकडून सुरुवातीच्या फेरीत हार. 2013 मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत रॉजर फेडरर सर्हिय स्टाखोव्स्कीकडून हरला. स्टाखोव्स्की जगात 116वा. आधीच्या सलग 36 ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्ये, निदान उपांत्यपूर्व फेरी गाठलेला माणूस हा! त्या रात्री जगभरच्या सोफ्यांवर त्याचा निरोप समारंभ पार पडला, भाषणंसुद्धा झाली. 2016 मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, विम्बल्डननंतर सहा महिने तो कोर्टवर दिसलाच नाही, तेव्हा उरलेसुरले लोकही हळहळून मोकळे झाले.

जानेवारी 2017 मध्ये हा गृहस्थ मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, 17वं मानांकन घेऊन उतरला आणि फायनलला समोर जुना प्रतिस्पर्धी नादाल. पाचव्या सेटमध्ये 1-3 असा मागे. इथे टीव्ही बंद करून झोपायला गेलेले काही जाणकार मला ठाऊक आहेत. ते झोपेत असताना 4-3 वर एक 26 फटक्यांची रॅली झाली. ज्या बॅकहँडवर नादालने त्याला वर्षानुवर्षं उंच उसळणारे चेंडू टाकून छळलं होतं, तोच बॅकहँड तो आता मागे न सरकता, चेंडू वर येताक्षणीच मारत होता. रॅली संपवली मात्र फोरहँडने, थेट लाइनला समांतर. पुढच्या वर्षी 36व्या वर्षी तो पुन्हा जगात पहिला झाला. अशा प्रसंगी गडबडून जायचं नाही. 'क्लास इज पर्मनंट' एवढं म्हणायचं आणि पुढच्या पराभवाची वाट बघायची. ती फार बघावी लागत नाही.

आता 'आदर्श निवृत्ती' म्हणून ज्याचं नाव आपण उठसूट घेतो, त्या पीट सॅम्प्रसकडे वळू. वाद घालताना हे उदाहरण फार कामाला येतं. ग्रँड स्लॅम जिंकला आणि पुन्हा रॅकेटला हात लावला नाही, असं जायला हवं! फक्त एक काळजी घ्या. समोरच्याला 2002 चा जून महिना आठवू देऊ नका. सॅम्प्रसने तोवर जवळजवळ दोन वर्षांत एकही स्पर्धा जिंकली नव्हती. विम्बल्डनला सात वेळा जिंकलेल्या या माणसाची मॅच कोर्ट नंबर दोनवर टाकलेली. हे कोर्ट चॅम्पियन मंडळींची दफनभूमी म्हणूनच ओळखलं जायचं. समोर जॉर्ज बास्टल, जगात 145वा, पात्रता फेरीत हरूनही कोणीतरी माघार घेतली म्हणून आत आलेला. बाजू बदलताना सॅम्प्रस खुर्चीत बसून बायकोने लिहिलेलं पत्र वाचत होता. कोर्टवर, मॅच चालू असताना. पाच सेटमध्ये हरला.

त्या दिवशी त्याने आपलं ऐकलं असतं तर? पण तो हट्टाने अमेरिकन ओपनला गेला. मानांकन तिथेही 17वंच. या आकड्याकडे कुणीतरी ज्योतिषाने बघायला हवं. तिसऱ्या फेरीत त्याच्याकडून हरलेल्या ग्रेग रुसेडस्कीने सांगून टाकलं, की पीट आता दीड पाऊल मंद झालाय, पुढची मॅच जिंकला तर आश्चर्यच. रुसेडस्की म्हणजे आपलाच माणूस. फक्त तो सोफ्यावर बसण्याऐवजी चुकून कोर्टवर गेला होता. सॅम्प्रसने पुढची मॅच जिंकली, तिच्या पुढच्याही जिंकल्या, आणि फायनलला आगासीला चार सेटमध्ये हरवलं. आणि आदर्श निवृत्तीचा तो क्षण त्याच्या स्वतःच्या लक्षातच आला नव्हता! वर्षभर तो एकेका स्पर्धेतून नाव मागे घेत राहिला आणि ऑगस्ट 2003 मध्ये कुठे जाहीर केलं. आपल्याला मात्र ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असंच सांगायचं.

कधीकधी आयोजकही आपल्या मदतीला येतात. 2019 च्या ऑस्ट्रेलियन ओपनआधी अँडी मरे पत्रकारांसमोर रडला, कंबर इतकी दुखते की कदाचित ही शेवटची स्पर्धा ठरेल, असं म्हणाला. पहिल्याच फेरीत पाच सेट झुंजून हरला. लगेच स्टेडियमच्या पडद्यावर व्हिडिओ लागला. फेडरर, नादाल, जोकोविच एकापाठोपाठ एक त्याला निरोप देतायत आणि हा खाली घामाने निथळत, मान वर करून स्वतःची श्रद्धांजली बघतोय. इतकं नीटनेटकं सगळं झालं होतं. पण त्याच महिन्यात त्याने कंबरेच्या सांध्यात धातू बसवून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला स्पर्धा जिंकली. 2023 मध्ये त्याच मेलबर्नला तो पावणेसहा तास खेळून पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी जिंकला. शेवटी गेला तो ऑगस्ट 2024 मध्ये, पॅरिस ऑलिंपिकनंतर, आणि जाताना 'तसंही मला टेनिस कधी आवडलंच नाही' अशा अर्थाची एक ओळ टाकून गेला. साडेपाच वर्षं तो व्हिडिओ वाया!

'तरुणांची जागा अडवून बसलाय' हा मुद्दा जरूर काढा. ऑफिसात, राजकारणात, साहित्य संस्थांत तो हमखास चालतो. फक्त ज्याला सांगाल त्याला टेनिसचे नियम माहीत नसावेत. इथे तरुण माणूस जाळीच्या पलीकडे रॅकेट घेऊनच उभा असतो. म्हाताऱ्याला हटवायला त्याला अर्ज करावा लागत नाही, तीन सेट जिंकले की झालं.

तो मुद्दा चालला नाही तर 'लौकिक' काढा. शेवटी शेवटी हरून हा आपला लौकिक घालवतोय, असं म्हणा. सेरेना विल्यम्स याला उत्तम. सप्टेंबर 2017 मध्ये तिला मुलगी झाली, आणि पुढच्या दोन वर्षांत ती चार ग्रँड स्लॅम फायनल हरली. केवढी घसरण! मूल झाल्यावर चार फायनलपर्यंत पोचायचं म्हणजे आधी किती मॅच जिंकाव्या लागतात, हा हिशोब कुणी मांडायला लागलं की चहा टाकायला उठा.

आता खरं कारण सांगतो, पण ते आपल्यातच राहू द्या. फेडरर पहिल्यांदा विम्बल्डन जिंकला ते 2003 साल, आणि तेव्हा आपण जिना दोन-दोन पायऱ्या चढत होतो. त्याची सर्व्हिस मंदावली की आपल्याला आपलं वय कळतं. त्याने वेळेत जावं, म्हणजे तो आपल्या डोक्यात तिशीचाच राहील आणि त्याच्याबरोबर आपणही. हे उघड बोलायचं नसतं, म्हणून आपण 'त्याच्याच भल्यासाठी' म्हणतो.

रोहन बोपण्णाचं नाव कोणी काढलं तर 'ते डबल्स हो' म्हणून उडवून लावा. गुडघ्यात कूर्चा उरलेली नाही, हे त्याने स्वतः सांगितलेलं. तरी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीच्या योगाने त्याने ते गुडघे सांभाळले, आणि 2024 मध्ये 43व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून डबल्समध्ये जगात पहिला झाला. पुणेकरांनी यावर मौन बाळगावं. अभिमान वाटला तर मुद्दा निसटतो.

व्हीनस विल्यम्सला मात्र सूट द्यायला हरकत नाही. जुलै 2025 मध्ये वॉशिंग्टनला 45व्या वर्षी तिने सिंगल्सची मॅच जिंकली आणि आरोग्य विम्यासाठी परत यावं लागलं, असं कोर्टवरच हसत सांगितलं. हे आपल्याकडे ताबडतोब पटण्यासारखं आहे. मेडिक्लेमसाठी माणूस काय करत नाही!

राहता राहिला जोकोविच. जून 2024 मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आपण त्याची फाइल बंद केली होती. ऑगस्टमध्ये त्याने अल्काराझला हरवून ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. 2025 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोचला आणि चारही ठिकाणी तिथेच अडला, म्हणजे जगातल्या पहिल्या चारांत तो राहतो, पण आपल्याला तो संपल्यासारखा वाटतो. 2028 चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक खेळायचं आहे, असं तो म्हणतोय. तेव्हा तो 41 वर्षांचा असेल. तिथली दुपारची मॅच आपल्याकडे भल्या पहाटे लागेल, तेव्हा आदल्या दुपारी थोडी झोप काढून ठेवा; जागरण आता आपल्याला पूर्वीसारखं झेपत नाही.