साठीनंतरचं ताट कोण ठरवतं?

काल कट्ट्यावर मास्तरांनी डॉक्टरांकडून आणलेला आहाराचा कागद वाचून दाखवला. भिजवलेले बदाम, वाटीभर दही, रोज एक फळ, बाजरीची भाकरी. वर म्हणाले, "जिभेवर ताबा हवा. आपल्या लोकांना शिस्तच नाही."

अण्णा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. ते उसळलेच. "मास्तर, तुमचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. माझं ईपीएस-95 चं, म्हणजे पीएफवाल्यांच्या योजनेतलं पेन्शन तीन हजारांच्या आत, पहिल्या दिवशी होतं तेवढंच. शिस्त कशात लावू, दुधात की डाळीत?"

"अहो, पण रेशन फुकट आहे ना?"

इथं मला राहवलं नाही. रेशन कार्डावरच्या 'प्राधान्य' गटातल्या कुटुंबाला माणशी महिना 5 किलो गहू-तांदूळ मिळतो, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. त्यातून प्रोटीन जेमतेम 15 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम लागतं, 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. बाकीचं डाळ, अंडी, दुधातून यायचं, आणि ते सगळं विकतचं.

अण्णांच्या चाळीत एक आजी आहेत. आयुष्यभर धुणीभांडी केली, आता श्रावणबाळ या सरकारी योजनेचे महिना 1500 रुपये येतात. दाढा गेल्यात, कवळी परवडत नाही. त्यांना बाजरीची भाकरी सांगून काय उपयोग? दोन वेळा चहात टोस्ट बुडवतात. भात केलाच तर सोबत लोणचं, कारण भाजी महाग. मग मीठ वाढतं, बीपी वाढतं आणि दवाखान्यात बोलणी त्यांनाच बसतात. मला याचा फार राग येतो.

मास्तरांचा एक मुद्दा मात्र खरा होता: मोड आलेले मूग, भाजलेले चणे बदामापेक्षा कितीतरी स्वस्त. पण चणे चावायचे कशाने? मूग शिजवून घेता येतील, तेही एकट्या बाईला रोज वाटीभर शिजवायचा हुरूप असेल तर.

"सरकार कुठं कुठं पुरं पडणार?" मास्तर म्हणाले.

2020 मध्ये करोनाच्या काळात रेशनवर कुटुंबामागे महिना 1 किलो डाळ किंवा हरभरा दिला होता, ही आठवण मी करून दिली. तेव्हा जमलं, मग म्हाताऱ्यांसाठी कायमचं का जमू नये?

"माझा किलोभर तांदूळ कापा," अण्णा म्हणाले, "पण तूरडाळ द्या."

मास्तर अजून शिस्तीवरच अडून आहेत.