आजोबांच्या तुपाचा मेसेज

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: लठ्ठपणा आणि शुगर हे आळशांचे आजार, आजोबा तूप-गूळ खाऊन नव्वद वर्षं जगले, बारीक माणसाने घाबरायचं कारण नाही, ज्याने त्याने आपलं तोंड आवरावं आणि चालावं, त्याला पैसे पडत नाहीत, सरकारने कर, लेबलं, शाळांतले साखरेचे बोर्ड असली थेरं सोडून हॉस्पिटलं बांधावीत. खाली सतरा अंगठे. त्यातला एक आमच्या घरातलाच, म्हणून लिहायला बसले.

आधी आजोबा. माझे आजोबा मिलमध्ये होते. जाणं-येणं सायकलीवर, पाळीभर उभ्याने काम, जिलबी सणाला. ते तूप त्या कामात जिरत होतं. हुकुमचंद मिलही १९९१ मध्ये बंद पडली, सायकली माळ्यावर गेल्या, तूप तेवढं राहिलं आणि जोडीला रोजची शेव आली. शिवाय नव्वदी गाठलेलेच आजोबा आपल्याला भेटले. १९५१ च्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. पण पन्नाशीत ‘बसल्याजागी गेले’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांची शुगर कधी कुणी तपासली होती?

बारीक माणसाचं म्हणाल, तर माझा मावसभाऊ बघा. उंची साडेपाच फूट, वजन ६२ किलो, घरात त्याला काडी म्हणतात. चष्म्याच्या नंबरासाठी गेला आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.१ घेऊन आला, म्हणजे मधुमेहच. मी शिंप्याची टेप बेंबीवरून फिरवली, ९४ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या पुढे धोका मानतात. शर्टाखाली कुणाला दिसतं? २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या बारीक लोकांनी हा फोटो एकदा बघावाच.

गुळाला फार वेळ देत नाही. गूळ ही बहुतांशी साखरच आहे, फक्त रंगाने सावळी.

आता तोंड आवरण्याचा मुद्दा. सगळ्यात जास्त अंगठे यालाच होते. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा कॅन. भागून पाहिलं तर माणशी दिवसाला साधारण ३८ ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसभराच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात २७ ग्रॅम दिलंय. आणि यात सकाळचे बाहेरचे पोहे नाहीत, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतली कचोरी नाही, सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस नाही. छप्पनला स्वच्छ खाऊगल्लीचं प्रमाणपत्र आहे. ते हात आणि भांडी स्वच्छ असल्याचं, कढईत काय आहे याचं नाही. जे कुठे लिहिलेलंच नाही ते मी कशाच्या जोरावर आवरू?

इंदूरकरांनी तरी हा मुद्दा मांडू नये. आपण २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिले आलो, ते काय सगळ्यांना एका रात्रीत शिस्त लागली म्हणून? दारात गाणं वाजवत गाडी यायला लागली, कोपऱ्यावरच्या कचरापेट्या उचलल्या, ओला-सुका वेगळा नसेल तर हटकायला लागले, दंड व्हायला लागला. माणसं तीच. कचरा टाकणंच अवघड झालं, म्हणून सवय बदलली.

खाण्यातही हेच घडलंय, फक्त गाजावाजा झाला नाही. २०२२ पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तुम्ही-आम्ही कुणीही त्यासाठी तोंड आवरलं नव्हतं. ब्रिटनने २०१८ मध्ये शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तर कर लागू होण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी केली. आपल्याकडे सोडावाल्या पेयांवर ४० टक्के कर आहे, पण साखर असो वा नसो, सारखाच. मग कंपनी कशाला कमी करेल? आणि पाकिटबंद नमकीनवर सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय. शेवेवर कर वाढवा असं या शहरात म्हणायची माझी छाती नाही. पण पुड्यावर समोरच, मोठ्या अक्षरात, मीठ-तेल किती ते लिहा, एवढं म्हणायला काय हरकत आहे? शाळांतले बोर्डही तेवढंच करतात. एका बाटलीत किती चमचे साखर, ते पोराला दिसतं.

हॉस्पिटलं हवीतच. पण आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात अंदाजे १०.१ कोटींना मधुमेह आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर निघाले. हे सगळे आत येईपर्यंत वाट बघायची का? चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच उंबरठ्यावरच्या लोकांना तीन वर्षं खाण्या-चालण्याबद्दल नेटाने सल्ला दिला. नेहमीच्या सल्ल्यावरच सोडलेल्यांपैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला, असा नेटाचा सल्ला मिळालेल्यांत ३९ जणांना. ३९ म्हणजेही कमी नाहीत, कबूल. पण सोळा जण वाचले, आणि तेही खाट न अडवता.

राहिलं चालणं, ज्याला पैसे पडत नाहीत. मावसभावाला डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं सांगितलीत. पहिल्या आठवड्यात तो कॉलनीच्या रस्त्याने जायचा. फूटपाथवर दोन्ही बाजूंना गाड्या, मधून रिक्षा; चौथ्या दिवशी कोपर खरचटून आला. आता गच्चीवर फेऱ्या मारतो, टाकी ते जिना, बावीस पावलं. त्या गाड्यांपैकी एक मेसेज पाठवणाऱ्या काकांची आहे.