पोर्टचं बारसं कसं करू नये, म्हणजे कसं करावं

लिनक्स कर्नलमध्ये नव्या बोर्डावरचा नेटवर्क स्विच बसवताय? मग पोर्टच्या नावांवर वेळ दवडू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, प्रत्येक पोर्टला 'लॅन१', 'वॅन' असं लेबल देता येतं. ती ओळ गाळा. डीएसए, म्हणजे कर्नलमधला असे स्विच सांभाळणारा भाग, बिचारं निमूटपणे 'इथ'पुढचा मोकळा आकडा उचलून लावतं. कोणता आकडा मोकळा, हे कोण आधी उठलं त्यावर. स्विचचा ड्रायव्हर तर सीपीयूकडचं इथरनेट तयार होईपर्यंत ताटकळत बसतो. तेवढ्यात एखाद्या यूएसबी नेटवर्क कार्डाने 'इथ१' पटकावलं, की सगळी रांग एकेक घर पुढे. फायरवॉलचे नियम मात्र जुन्या नावाशी एकनिष्ठ राहतात, आणि बाहेरच्या जगासाठी लिहिलेला नियम घरातल्या प्रिंटरला लागतो.

खरी मजा 'इथ०'ची. तो सीपीयू आणि स्विचला जोडणारा दुवा. त्यावरच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पाकिटाला, 'हा अमुक पोर्टचा माल' असा टॅग चिकटलेला असतो, त्यामुळे त्याला आयपी पत्ता देऊन पोर्टवरच्या यंत्रांशी बोलता येत नाही. म्हणून बाकीच्या पोर्टना हुबेहूब त्याच्यासारखीच नावं हवीत. रात्री दोन वाजता कोणीतरी 'इथ०'ला पत्ता देईल, पिंग जाईना म्हणून केबल बदलेल, मग दुसरी केबल बदलेल.

लेबल द्यायचा हट्टच असेल, तर चिपमधला क्रमांक द्या. डब्यावर काय छापलंय ते बघायला उठू नका. बोर्ड आखणाऱ्याने सोयीसाठी चिपचा पोर्ट ० डब्यावरच्या '४'पाशी काढला असेल, तर तेवढाच गिऱ्हाइकाच्या डोक्याला व्यायाम.

डेटासेंटरच्या स्विचमध्ये रीत वेगळी. ड्रायव्हर फक्त स्विचची ओळख आणि 'पी१' एवढंच सांगतो, चार भागांत फोडलेल्या पोर्टला 'पी१एस०' ते 'पी१एस३'. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे कर्नलबाहेर बसून उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्हचा. ती नियम वाचून 'एसडब्ल्यूपी१' म्हणते. तुम्ही आत्याला आमंत्रणच देऊ नका, ड्रायव्हरमध्येच नाव ठोका. किंवा नियम लिहा, पण त्यात स्विचची ओळख तपासू नका. एकाच यंत्रात दोन स्विच आले की दोघांचाही पहिला पोर्ट 'एसडब्ल्यूपी१' व्हायला धावेल. दुसऱ्याला 'हे नाव आधीच आहे' असं उत्तर मिळेल आणि तो 'इथ७' म्हणूनच आयुष्य काढेल.

नाव भारदस्त असावं: इमारत, मजला, रॅक, खण. मर्यादा १५ अक्षरांची, त्यातली पंधराही वापरा. व्हीलॅनसाठी (एकाच पोर्टवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कसाठी) मागे '.१०००' जोडायला पाच अक्षरं लागतात, ती ज्याची त्याने शोधावी. तिरकी रेघ, अपूर्णविराम (:) आणि मोकळी जागा कर्नल चालवून घेत नाही. टिंब चालतं, म्हणून नावातच घाला: कर्नलच्या सेटिंग्ज बदलणारं सिस्सीटीएल टिंबालाच पायरी समजतं आणि नसलेल्या फोल्डरात तुमचा पोर्ट शोधत फिरतं.

कर्नलच्या ५.५ आवृत्तीपासून १२७ अक्षरांपर्यंतचं पर्यायी नावही ठेवता येतं. ही बातमी ऑफिसात फुटू देऊ नका.